शिव्यांची भवानी

दुकानाचं नाव मी लिहिणार नाही. मालकांचा मुलगा आता ते चालवतो. गुणी आहे, मी रस्त्यात दिसले की गाडी थांबवून ‘मावशी, घरी सोडू का’ म्हणून विचारतो. त्याच्या वडिलांविषयी पुढे जे लिहिणार आहे ते त्याच्या वाचनात आलं तरी तो रागावेल असं मला वाटत नाही. आम्ही त्यांच्याबरोबर फक्त दिवस काढले, त्याला सगळं बालपण काढावं लागलं. खडेबाजारातलं साड्यांचं दुकान होतं, एवढं सांगितलं की पुरे. तिथे साड्यांची दुकानं इतकी आहेत की शोधायला निघालात तर चपला झिजतील.

आमचं घर शहापुरात. पुढच्या खोलीत माग, मागच्या खोलीत चूल, आणि मधे उरलेल्या जागेत आम्ही माणसं. आप्पा मागावर बसायचे, आई दोऱ्याच्या कांड्या भरायची, आणि मी व माझा भाऊ त्या दोघांच्या पायांत घुटमळायचो. मागाच्या आवाजाने आमची झोप कधी मोडली नाही. तो थांबला की मोडायची. गल्लीत माग थांबला म्हणजे एक तर दोरा तुटला नाहीतर माणूस गेलं, असं आई म्हणायची. सकाळी ती भाकऱ्या थापायची तेव्हा तिचा हात आपोआप शेजारच्या मागाच्या ठेक्यावर पडायचा. जोंधळ्याची भाकरी, तव्यावर परतलेली मेथी, शेंगाची चटणी आणि दह्याचा गोळा. आजही कुणी मला ‘काय खाणार’ विचारलं तर माझं उत्तर तेच असतं आणि सुना हसतात. त्यांना वाटतं मी साधी आहे. मी चोखंदळ आहे. चटणी उखळात कुटलेली लागते, मिक्सरमधली मला चालत नाही.

मग यंत्रमाग आले आणि आप्पांचे डोळेही अधू झाले. दोन्ही गोष्टी एकदमच झाल्या, त्यामुळे कशाने काय झालं हे आप्पांनाही नीट सांगता यायचं नाही. मी दहावी झाले होते. ज्या दुकानाला आप्पा वर्षानुवर्षं साड्या घालत होते तिथेच बायकांना साड्या दाखवायला एक मुलगी हवी होती. बाया पुरुषांसमोर लाजतात, आणि लाजलेलं गिऱ्हाईक साडी न घेता जातं, हा मालकांचा हिशेब. आईने आधी नाक मुरडलं. पोरीच्या जातीनं दुकानात उभं राहायचं म्हणजे काय, असं तिचं म्हणणं. आप्पा म्हणाले, “उभी कुठं ऱ्हातीया, गादीवर बसायचं असतंय की.” आणि मी गादीवर जाऊन बसले.

ती गादी फार सुंदर होती. या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत पांढरीशुभ्र चादर, कडेला लोड, आणि वर कपाटांतून साड्यांच्या घड्या. नव्या साडीचा वास, उदबत्तीचा वास आणि बाहेरच्या गाड्यावरच्या भजीचा वास असे तीन वास तिथे कायम एकत्र असायचे. मला ते काम पहिल्या दिवसापासून आवडलं. साडीची घडी मोडून ती झर्रकन गिऱ्हाइकापुढे पसरायची, पदर खांद्यावर टाकून दाखवायचा, आणि समोरच्या बाईच्या डोळ्यांत ती साडी उतरताना बघायचं. यासारखं सुख फार थोड्या कामांत असेल.

दुकानात तिघं जुनी माणसं होती. कल्लाप्पाअण्णा सगळ्यांत थोरले, अनगोळचे. मालक चड्डीत होते तेव्हापासून अण्णा त्या गादीवर होते. गोकाककडचं गिऱ्हाईक आलं की कानडीत ‘बर्री, कूडरी’, या, बसा, म्हणून त्यांना असं बसवायचे, की पाहुणेच घरी आलेत. दुसऱ्या शांताक्का, पदर कमरेला खोचलेला, जीभ धारदार, आणि चहा करण्यापासून फॉल लावण्यापर्यंत सगळ्याला तयार. तिसरा दत्तू, माळ्यावरून गठ्ठे काढणारा, अंगाने आडमाप आणि मनाने मऊ. आणि चौथे मालक, गल्ल्यावर.

मालक दिसायला वाईट नव्हते. गोरे, पांढरे कपडे, कपाळाला गंध. सकाळी येऊन देवाला फूल वाहायचे, उदबत्ती लावायचे, हात जोडून डोळे मिटायचे आणि डोळे उघडले की कुणाची तरी पूजा बांधायचे. त्याला कारण लागायचं नाही. साडी विकली गेली तर ती दुकानाच्या नावावर विकली गेली, आणि गिऱ्हाईक उठून गेलं तर ते आमच्या तोंडाकडे बघून गेलं, असा त्यांचा न्याय. अण्णा त्यांच्यापेक्षा वयाने एवढे मोठे, पण त्यांना अरेतुरे. शिवाय एक खोड होती. दुकान रिकामं असेल तर थोडक्यात आटपायचे. माणसं बसलेली असतील तर त्यांना जोर चढायचा. ऐकणारे जितके जास्त, तितकं बोलणं लांब.

माझ्यावर पहिल्यांदा पाळी आली तेव्हा समोर आमच्याच गल्लीतल्या बायका बसल्या होत्या. मी दाखवत असलेल्या साडीला काठाजवळ डाग निघाला. गोदामातून तसाच आलेला. मालक गल्ल्यावरून म्हणाले, “ए सुमे, उतर खाली गादीवरनं. बापानं माग घालवला, आता तू माझं दुकान घालव. जा, मागं जाऊन घड्या घाल.” गादीवरून उतरवणं ही त्या दुकानातली सगळ्यांत मोठी शिक्षा. मी उतरले, मागच्या खोलीत गेले आणि मोडलेल्या साड्यांच्या ढिगात तोंड खुपसून रडले. मला बोललेलं मी विसरलेही असते. पण आप्पांनी ज्या माणसाला आयुष्यभर उत्तम माल दिला त्यानेच आप्पांचं नाव असं घ्यावं, हे माझ्या जिवाला फार लागलं. घरी गेले तेव्हा बातमी माझ्याआधी पोचली होती. आप्पा एवढंच म्हणाले, “नको वाटत आसंल तर सोड.” मी म्हटलं, बघू. भावाचं शिक्षण माझ्या डोळ्यांपुढे होतं. आणि खरं सांगायचं तर ती गादीही होती.

दुसऱ्या दिवशी जेवायच्या सुट्टीत शांताक्कानं मला मागच्या खोलीत जवळ बसवलं. आमचे डबे एकत्र उघडायचे. अण्णांच्या घरची पुंडीची, म्हणजे अंबाडीची, भाजी, शांताक्काचं झणझणीत पिठलं, दत्तूच्या आईच्या घडीच्या चपात्या. शांताक्का म्हणाली, “हे बघ सुमे, पयल्या इक्रीची भवानी झाल्याबिगर दुकानाचा दिवस सुरू हुतोय का?”

मी म्हटलं, “न्हाय.”

“तसंच ह्येचं हाय. एकदा कुणाला तरी पोटभर बोलला की त्येची भवानी हुती. मग दुपारपतोर गप ऱ्हातोय, पान खातोय, हासतोय बी. ती भवानी कुणाकडनं करायची, ते आमी ठरवतो.”

मला कळेना. तेव्हा अण्णांनी हळूच सांगितलं. रोज एकाची पाळी. ज्याची पाळी त्याने सकाळी, गिऱ्हाईक यायच्या आधी, एक बारीकशी चूक करून ठेवायची. मालकांना ती सापडायची, ते पाळीवाल्याला मनसोक्त झोडायचे, आणि उरलेले तिघं निर्धास्त. उद्या दुसरा. “आपलं आपन ठरवून घेतलं न्हवं, मंग लागत न्हाय फारसं,” अण्णा म्हणाले. ते इतक्या शांतपणे म्हणाले, की जणू विहिरीवरून पाणी आणायच्या पाळीबद्दल बोलत होते.

या पाळीचेही नियम होते. चूक मालाची नासाडी करणारी नको. गिऱ्हाइकाला त्रास होणारी नको. आणि मुख्य म्हणजे, चूक मालकांना स्वतःला सापडली पाहिजे. आपण दाखवून दिली तर त्यांना चव यायची नाही. दत्तू शिडी वाटेत आडवी ठेवायचा. शांताक्का देवापुढच्या तांब्यात पाणी भरायला विसरायची. अण्णांची चूक नेहमीची ठरलेली, एखादी साडी काठ आत दडवून घडी घालून सगळ्यांत वर ठेवायची. ज्यांनी जन्मभर घड्या घातल्या त्यांनी असली घडी घालावी यावर मालकांचा दरवेळी विश्वास बसायचा, याचं मला अजून नवल वाटतं. आणि ज्याची पाळी त्याला जेवताना पहिलं वाढायचं. चांगला घास त्याचा. मला पहिल्या पाळीला अण्णांच्या घरची शेंगाची पोळी मिळाली होती, वर तुपाचा गोळा. शिव्या खाऊन आलेल्या माणसाला इतकं गोड काही लागू शकतं हे मला तेव्हा कळलं.

परवा नातीचा पुण्याहून फोन आला. तिचा साहेब तिला सगळ्यांसमोर बोलतो, म्हणून ती कुठेतरी तक्रार करणार आहे. कर बाई, मी म्हटलं, जरूर कर. आमच्या वेळी असलं काही नव्हतं, आणि असतं तरी मालकाविरुद्धची तक्रार मालकच काय ऐकणार होता. अन्याय सहन करू नये हे मलाही कळतं. आम्ही तो सहन केला नाही असं मी म्हणणार नाही. पण चौघांत वाटून घेतला, आणि वाटून घेतल्यावर तो एकेकाच्या वाट्याला फार आला नाही. त्या मागच्या खोलीत आम्ही जेवढं हसलो तेवढं मी पुढे कुठे हसल्याचं आठवत नाही. मालकांची नक्कल दत्तू अशी करायचा की शांताक्काला ठसका लागायचा. मी तिथे सुखात होते.

अशात अण्णांच्या विजूचं लग्न ठरलं. विजू माझ्याच वयाची, कधीमधी अण्णांचा डबा घेऊन दुकानात यायची तेव्हा आमची दोस्ती झालेली. स्थळ निपाणीचं. मुलगा सरकारी खात्यात कारकून, घर चांगलं, देण्याघेण्याचा हट्ट नाही. बोलणी झाली तेव्हा बस्ता कुठे बांधायचा यावर गोष्ट आली. मुलाकडच्यांना कोल्हापूर जवळ. पण अण्णांच्या अंगात त्या दिवशी काय संचारलं कोण जाणे. ते म्हणाले, बस्ता आमच्या दुकानात. आमचे मालक मला विचारल्याशिवाय एक साडी खरेदी करत नाहीत. दुकानात माझा शब्द चालतो. विहीणबाई लगेच म्हणाल्या, मग तिथंच, आपल्या माणसाचं दुकान असताना दुसरीकडं कशाला.

हे अण्णांनी आम्हाला जेवताना सांगितलं आणि घास तसाच हातात धरून बसले. बस्ता म्हणजे वऱ्हाडभर माणसं समोर बसणार, आणि ऐकणारे जास्त म्हणजे मालकांना चेव. शांताक्का म्हणाली, “अण्णा, कशाला बोललासा तसं?”

“बोलून गेलो बघ,” अण्णा म्हणाले. “माझं काय न्हाय. मला सवं हाय. पर सोयऱ्यांच्या म्होरं मला गादीवरनं उतरीवलं तर पोरीला जल्मभर ऐकावं लागंल. तुझा बा दुकानात झाडू मारतोय, आनि गप्पा मारतोय मालकाच्या. सासरी असलं कायबी इसरत न्हाईत.”

त्यांनी मालकांना आधी सांगूनही बघितलं. माझे सोयरे येणार आहेत, जरा सांभाळून घ्या, असं नाही. एवढंच की बस्ता आपल्याकडं आणतोय. मालक हसून म्हणाले, “आण की. तुझं सोयरं म्हंजे माझं गिऱ्हाईक.” ते हसणं अण्णांना आवडलं नाही आणि आम्हालाही.

तेव्हा शांताक्कानं ठरवलं. त्या दिवशी अण्णा सोडून सगळ्यांची पाळी. सकाळीच तिघांनी मिळून मालकांना इतकं बोलायला लावायचं की सोयरे येईतो त्यांच्याकडे शब्द शिल्लक राहू नयेत. दत्तूला हे फार पटलं. तो म्हणाला, “बैलाला आदी पळवून दमवायचं, मंग गाडीला जुपायचं.”

त्या सकाळी अण्णा नवं धोतर, परीटघडीची टोपी घालून आले. दत्तूनं शिडी आडवी टाकली आणि वर बादलीही ठेवली. मालक त्याच्यावर बरसले. ते निवतात तोच त्यांना देवापुढचा तांब्या रिकामा दिसला आणि शांताक्काची पाळी झाली. मग माझी. मी इरकलीच्या कपाटात सुती साड्या रचून ठेवल्या होत्या. माझ्या सात पिढ्यांचा उद्धार झाला आणि मी मान खाली घालून मनातल्या मनात म्हणत होते, बोला, अजून बोला. मालक घामाघूम झाले. पाणी प्यायले. पान लावलं. आम्ही एकमेकांकडे बघितलं. सगळं ठरल्याप्रमाणे झालं होतं. आता फक्त सोयरे यायचे होते.

सोयरे आले नाहीत. निपाणीची गाडी संकेश्वरच्या अलीकडे बंद पडली होती, हे आम्हाला मागाहून कळलं. सकाळ गेली. मालक घरी जाऊन जेवून, वामकुक्षी घेऊन, ताजेतवाने होऊन आले आणि गल्ल्यावर टेकले, आणि त्याच वेळी अण्णांचे सोयरे चपला काढत दुकानाची पायरी चढले. आमची सकाळची सगळी मेहनत पाण्यात गेली.

विहीणबाई पुढे होत्या. काळ्यासावळ्या, किडकिडीत, कपाळावर ठसठशीत कुंकू. मागे त्यांच्या जावा, नणंदा, लेकी. व्याही सगळ्यांत शेवटी. भरघोस मिशा, उन्हाने आणि गाडीच्या खोळंब्याने तापलेले. ते दाराजवळच्या खुर्चीवर बसले आणि बायकांवर करवादले, “लौकर आटपा.” विजू आणि तिची आई आधीच येऊन एका कडेला बसल्या होत्या. अण्णांनी सगळ्यांना लोडाला टेकून बसवलं आणि शालू काढायला सुरुवात केली. पहिल्याच शालूची घडी त्यांच्या हातून तिरकी सुटली.

मालकांनी थोडा वेळ ते बघितलं. मग गल्ल्यावरून म्हणाले, “कल्लाप्पा, जरा बेतानं धर. तुझ्या बापानं तरी बघितलावता का असला शालू?” आणि सोयऱ्यांकडे बघून हसले. कुणी हसलं नाही. अण्णांच्या टोपीखालून घाम ओघळला.

मी हातातला गठ्ठा सोडून दिला. साड्या गादीभर पसरल्या. मालक माझ्याकडे वळले आणि विणकराच्या लेकीच्या हातात काय ताकद नसते इथपासून सुरू झाले. मला काही वाटलं नाही. माझे डोळे अण्णांच्या हातांकडे होते. ते जरा सावरले, दुसरा शालू उलगडला. मालकांचं माझ्यावरचं संपत आलं तसा शांताक्कानं चहा आणला. अशा वेळी पहिला कप विहीणबाईंच्या हातात द्यायचा, हे शेंबड्या पोरालाही माहीत असतं. शांताक्कानं तो सरळ नेऊन विजूच्या आईला दिला. वरमाय बसलेली असताना मुलीच्या आईला आधी चहा. जावा-नणंदांच्या भुवया वर गेल्या. मालक तर अर्धे उठलेच. “अगं ए, मानपान कळतंय का न्हाय तुला?” शांताक्का उभी राहून सगळं ऐकत होती. विहीणबाईंना तिनं कप दिला तेव्हा त्यांनी तिच्याकडे बघितलं, मग माझ्याकडे, मग अण्णांकडे.

आता आमच्याजवळ काही उरलं नव्हतं. दत्तू माळ्यावर अडकला होता. मालक बसले, इकडेतिकडे बघितलं आणि त्यांना बाहेरच्या चपला दिसल्या. “कल्लाप्पा,” ते म्हणाले, “पावण्यांच्या चपला उनात पडल्यात. ऊठ, आत आणून नीट लाव. ते शालू पोरगी दावील.”

अण्णांनी हातातला शालू खाली ठेवला. सोयऱ्यांच्या चपला उचलायला विजूचा बाप उठतो आहे, आणि त्याला पाठवणारा माणूस हसतो आहे. विजूनं मान इतकी खाली घातली की तिचा चेहरा दिसेना.

तेवढ्यात विहीणबाईंच्या हातातला कप उलटला. सगळाच्या सगळा चहा पांढऱ्या चादरीवर सांडला आणि पसरत गेला. त्या गादीवर आम्ही ओली बोटंही टेकवत नव्हतो. मालकांचं तोंड उघडलं. उघडलं आणि तसंच राहिलं, कारण समोर वरमाय होती, बस्त्याचं गिऱ्हाईक. ओरडले ते दाराजवळचे व्याही. “हात मोडल्यात का काय तुझं? साधा कप धराय येत न्हाय?”

“चुकलं बघा,” विहीणबाई म्हणाल्या.

“चुकलं म्हनं! लोकाच्या दुकानात आलीयास, काय अक्कल?” ते खुर्चीवरून उठले होते. आणि मग जे झालं ते मी तरी त्या दुकानात पुन्हा कधी पाहिलं नाही. आमचे मालक गल्ला सोडून पुढे आले आणि हात जोडून म्हणाले, “असू द्या पावणं, असू द्या. माणसाच्या हातनं हुतंय असलं. गादी काय, धुतली की स्वच्छ.” सांडणाऱ्याची बाजू घ्यायची वेळ त्यांच्यावर आयुष्यात पहिल्यांदाच आली असावी. शब्द तोंडात बसत नव्हते, तरी बोलावे लागले. शांताक्कानं तोंडाला पदर लावला.

“व्याही, तुमी बसा,” विहीणबाई अण्णांना म्हणाल्या. “शालू तुमच्याच हातनं बघायचा हाय. तुमी म्हनशीला त्यो घ्यू.” अण्णा खाली बसले. पुढे बस्ता होईपर्यंत मालक गल्ल्यावरून एक अक्षर बोलले नाहीत. चपला उन्हातच राहिल्या.

पण मी अण्णांचा चेहरा बघत होते. वाचल्याचा आनंद त्यावर नव्हता. ते पुनःपुन्हा दाराजवळच्या खुर्चीकडे बघत होते. मला कळलं त्यांना काय वाटत असेल. इतकी वर्षं ज्या आवाजाखाली त्यांनी काढली, तोच आवाज त्यांनी विजूच्या सासऱ्याच्या तोंडून ऐकला होता.

विहीणबाईंच्या लुगड्यावर चहा उडाला होता. मी त्यांना मागच्या खोलीत नेलं आणि हातावर पाणी घातलं. ओचा चोळत त्या म्हणाल्या, “आज तुजी पाळी हुती का त्या चहावालीची?”

मी हातातला तांब्या खाली ठेवला.

“आगं, मी तंबाखूच्या वखारीत काम केलंय. लगीन झाल्यावर बी,” त्या म्हणाल्या. “मुकादम असलाच हुता. आमी बायका बी असंच करायचो. एकीनं तंबाखूत मुद्दाम काडी ऱ्हाऊ द्यायची, म्हंजे लेकुरवाळी आसंल तिच्याकडं त्येचं ध्यान जायाचं न्हाय. तू गठ्ठा टाकलास तवाच वळाकलं मी.” मग त्यांनी ओचा पिळला आणि आवाज खाली आणला. “आमच्या घरच्या मालकांचं बोलनं तुमच्या अण्णांनी ऐकलं. तोंड उतारलंय त्येंचं. मी बोलले तर त्येस्नी कमीपना वाटंल. तू सांग. म्हनावं, विजूची पाळी आमच्या घरात कंदी यायची न्हाय.”

सोयरे गेल्यावर आम्ही मोडलेल्या साड्यांच्या घड्या घालत बसलो तेव्हा मी अण्णांना ते सांगितलं, शब्दन् शब्द. अण्णांनी ऐकून घेतलं. हातातली घडी पुरी केली. मग म्हणाले, “विजूला ह्यातलं कायबी सांगू नगंस. तिला वाटू दे, सासरी मानसं आशीच आस्त्यात.” मी कबूल केलं आणि तो शब्द पाळला. मालकांकडे मी पुढेही बरीच वर्षं होते; लग्न झालं, मुलं झाली, तरी होते. आमची पाळी चालूच राहिली. मालक म्हातारे झाले तेव्हा त्यांचा आवाज बसला आणि त्यांना बोलता येईनासं झालं, तर आम्हाला सकाळी चुकल्यासारखं व्हायचं.

आता अण्णा नाहीत, शांताक्का नाही. विजूची सासू गेल्याचं कळलं तेव्हा माझे गुडघे दुखत होते, जाता आलं नाही. महिन्याभराने विजूच माझ्याकडे आली. मी तिला मेथी-भाकरी वाढली. जेवताना ती सासूबद्दल बोलत होती, डोळ्यांत पाणी आणि ओठांवर हसू. “आत्याबाई लई येंधळ्या हुत्या गं,” ती म्हणाली. “मामंजींचा सोभाव तुला म्हायतीच हाय. पर जल्मात मला एक सबुद बोलले न्हाईत. सगळं बोलनं आत्याबाईंच्याच वाट्याला. माझ्या हातनं भात करपला, की नेमका त्याच दिशी त्यांच्या हातनं तांब्या पडायचा. मी दूध उतू घालवलं, की ह्या मामंजींचा चष्मा कुटंतर ठेवून इसरायच्या. आमी पोरं-सुना हासायचो त्यास्नी. म्हातारीच्या हाताला भोकं हाईत म्हनायचो.”

अण्णांना दिलेला शब्द मी आठवला. मग वाटलं, आता तो पाळून कुणाचं काय भलं होणार आहे. मी तिला सगळं सांगितलं. पाळी, शेंगाची पोळी, सांडलेला चहा, मागच्या खोलीतलं बोलणं.

विजूचा हात ताटातच राहिला. “म्हंजे त्यो तांब्या,” ती म्हणाली. एकेक दिवस आठवून बघत असावी. मी तिच्या ताटात आणखी एक भाकरी वाढली. ती तिनं तशीच ठेवली.

“मी हासायची गं त्यास्नी,” ती म्हणाली.